ब्रदरची मोजणी

आमच्या ऑफिसात ज्यांना सगळे ‘ब्रदर’ म्हणत, ते कोणाचे भाऊ नव्हते आणि कुठल्या चर्चचेही नव्हते. ते ऑपरेशन थिएटरातले नर्स होते. दवाखान्यात बाईला सिस्टर म्हणतात तसं पुरुषाला ब्रदर म्हणतात, हे मला देवळीहून वर्ध्याला नोकरीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं, तर त्यांनी मागं वळून पाहिलं, कोण सर आला म्हणून.

सावंगी रोडवर एका प्लायवूडच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. सहा टेबलं, एक कूलर, आणि खालून दिवसभर येणारा करवतीचा आवाज. पॅथॉलॉजी लॅब, छोटे दवाखाने आणि एक रक्तपेढी यांचं सॉफ्टवेअर आम्ही करत असू. मी प्रोग्राम लिहायची आणि ब्रदर ते तपासायचे.

त्यांची सगळी उमर थिएटरातच गेली असती. पण हात धुवायच्या औषधाचं त्यांच्या कातडीला वावडं निघालं. कोपरापर्यंत घासून हात धुतल्याशिवाय तिथं टेबलापाशी उभं राहता येत नाही, आणि यांचे हात फुटून रक्त यायला लागलं. मग त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथं रोज त्याच त्या याद्या टाइप करायच्या. त्याचा कंटाळा येऊन त्यांनी कुठूनसं प्रोग्रामिंगचं एक फाटकं पुस्तक मिळवलं आणि आठ ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली. दुसऱ्या दिवसापासून यादी आपोआप निघायला लागली. आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, तिथं काही कामानं गेले होते. त्या आठ ओळी त्यांनी पाहिल्या आणि ब्रदरना घरी जाऊन विचारलं, येता का आमच्याकडे? ब्रदर म्हणाले, “येतो. पन मले घाई करा म्हनाचं नाई.”

ही अट सरांनी हसत मान्य केली. पुढं ती त्यांना किती महागात पडणार होती, याची त्यांना कल्पना नव्हती.

त्यांचं काम नेमकं काय होतं ते आधी सांगते. सर्व्हर म्हणजे मागं सतत चालू राहून विचारलं तसं उत्तर देणारा प्रोग्राम, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असे पाच होते. एक डेटाबेसचा, एक मुख्य, एक रिपोर्ट काढणारा, एक लेबलं छापणारा, एक मेसेज पाठवणारा. नवीन काही लिहिलं की ते गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ऑफिसातल्याच एका मशीनवर हे पाचही उठवायचे, शेकडो चाचण्या आपोआप चालवायच्या, मग पाचही बंद करायचे आणि मशीन पहिल्यासारखं स्वच्छ करून ठेवायचं. ब्रदर येण्याआधी हे सगळं पडद्यावर पाच खिडक्या उघडून हातानं चालायचं, ज्याला जसं आठवेल तसं. ब्रदरनी त्याच्या स्क्रिप्ट लिहिल्या. त्या स्क्रिप्ट वाचणं हा एक अनुभव होता. ओळींच्या मधे मधे मराठीत सूचना असत. ‘इथं घाई करू नये. डेटाबेस हळू उठते.’ ‘लेबलवाला आधी उठवला तर रडते. मुख्य उठल्यावरच.’ आणि एके ठिकाणी, ‘खालची ओळ काढू नये. काढून पाह्यली आहे.’

माझी आणि त्यांची पहिली खरी गाठ पडली ती तीस सेकंदांवरून. मी नवीन होते, हुशारी दाखवायची होती. त्यांच्या स्क्रिप्टला फार वेळ लागतो म्हणून मी माझी एक सुटसुटीत स्क्रिप्ट केली. डेटाबेस सुरू कर, तीस सेकंद थांब, मुख्य सर्व्हर सुरू कर. त्यांनी खुर्ची माझ्या टेबलापाशी ओढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. ते नेहमी बोट ठेवूनच वाचत.

“हे तीस कुठून आनले वं?”

“तेवढा वेळ लागतो, ब्रदर. मी पाहिलं ना.”

“कवा पाह्यलं?”

“काल.”

“अन् आज?”

ते जराही रागावले नव्हते. लहान पोराला चप्पल उलटी घातली आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाले, “हे पाह्य. ऑपरेशन झालं की भूल उतरली का नाई, हे पेशंटले इचारतेत. घड्याळाले नाई. आवाज देतेत, डोळे उघडाले लावतेत, नाव इचारतेत. तो बोलला की मंग बाहेर काढतेत. तू काय पेशंटले सांगून ठेवतं का, तीस सेकंदात शुद्धीवर येजो म्हनून?”

“पण सर्व्हर चालू तर झालेला असतो.”

“चालू असनं येगळं, शुद्धीत असनं येगळं. छाती हालून राह्यली म्हंजे मानूस बोलते असं नाई.”

त्यांची स्क्रिप्ट दर अर्ध्या सेकंदाला सर्व्हरला एक साधा प्रश्न विचारायची. उत्तर आलं की पुढची पायरी. ठरल्या वेळात आलंच नाही, तर सगळं थांबवून कोण उठलं नाही ते सरळ शब्दांत सांगायची. मी माझी स्क्रिप्ट पुसून टाकली. त्यांची चालवली. पडद्यावर एकेक नाव येत गेलं, डेटाबेस बोलला, मुख्य बोलला, लेबल बोलला. मला शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकानं सर्व्हर ‘बोलला’ असं म्हटलं नव्हतं.

ते हिंगणीहून यायचे, मोटरसायकलनं, बारा महिने. बोर धरणाकडचं जंगल त्यांच्या गावाला लागूनच. ऑफिस दहाचं, ते पावणेदहाला हजर. पण एकदा साडेअकराला आले. सरांनी विचारलं तर शांतपणे म्हणाले, “रस्त्यावर बिबट बसला होता.”

“मग?”

“मंग काय. थांबलो.”

“दीड तास? हॉर्न वाजवायचा ना!”

“काऊन वाजवाचा? त्याले उठाचं तवा तो उठीन.” आणि जागेवर जाऊन बसले. सर आमच्याकडं बघत राहिले. मला मात्र दीड तास गाडी बंद करून, जनावरापासून बेताच्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला उभे असलेले ब्रदर स्पष्ट दिसले. त्यांच्या जागी मी असते तर एकतर पळाले असते किंवा दगड मारला असता.

हातात ते सुती पांढरे मोजे घालायचे, बोटांची टोकं कापलेले. चाचण्या चालू असताना मशीनला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एखादा सर्व्हर बंद पडला की आम्ही लगेच पुन्हा सुरू करायला धावायचो, तर ते आडवा हात धरत. “आधी मेला काऊन ते पाहू. जिता करनं हातचं हाय.” मग लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेली नोंद, उघडून केसपेपर वाचावा तसं ओळीवर बोट ठेवून वाचत बसायचे.

आणि मोजणी. ही त्यांची सगळ्यात मोठी खोड. चाचण्या संपल्या, स्क्रिप्टनं पाचही सर्व्हर बंद केले आणि ‘सर्व बंद’ असं लिहून दाखवलं, तरी ते उठत नसत. स्वतःच्या हातानं एकेकाला पुन्हा तोच प्रश्न विचारायचे आणि कोणाला तरी शेजारी बसवून मोठ्यानं म्हणायला लावायचे.

“डेटाबेस?”

“बोलत नाही.”

“मुख्य?”

“बोलत नाही.”

असं पाचही. ऑफिसातले हसायचे. मी एकदा विचारलं की स्क्रिप्ट तर तुम्हीच लिहिलेली, मग तिच्यावर भरोसा नाही का? ते म्हणाले, “भरोसा हाय म्हनून तं लिहिली. पन पोट शिवाच्या आधी रक्त टिपाची कापडं दोघं मोजतेत. एकानं मोजलेली मोजनी मोजनी नसते.”

आता मी नागपूरला एका मोठ्या कंपनीत आहे. तिथं हे सगळं करायला तयार साधनं आहेत, ब्रदरसारखं हातानं लिहीत बसावं लागत नाही. चाचणी एकदा नापास झाली तर पोरं म्हणतात, पुन्हा चालवून बघ, होते पास. ते ऐकलं की मी अजून त्यांना थांबवते. त्याचं कारण रक्तपेढीचा तो गुरुवार.

रक्तपेढीत रक्ताची पिशवी आली की लगेच कोणाला देता येत नाही. तिची तपासणी व्हायची असते. तोवर सॉफ्टवेअरनं ती अडवून धरायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं होतं. तपासणी बाकी असलेली पिशवी एका फ्रिजमधून दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवली, की ‘तपासणी बाकी’ हा शेरा गळून पडायचा आणि पिशवी देण्यालायक दिसायची. रक्तपेढीच्या सिस्टरच्याच ते लक्षात आलं, कुठं काही अनर्थ व्हायच्या आत. दुरुस्ती येईपर्यंत त्या सगळं वहीत लिहून काम चालवत होत्या. हे भोक बुजवायचं काम माझ्याकडं आलं.

त्या आठवड्यात ब्रदर तीन दिवस नव्हते, बहिणीकडं लग्न होतं. मंगळवारी मी टेस्टिंगच्या मशीनवर कच्ची दुरुस्ती करून पाहिली. घाईत होते म्हणून ब्रदरची स्क्रिप्ट न वापरता मुख्य सर्व्हर हातानंच सुरू केला. दुरुस्ती चालली. मग बुधवारी मी तीच दुरुस्ती नीटनेटकी करून पुन्हा लिहिली, ब्रदरची स्क्रिप्ट लावली, आणि सगळ्या चाचण्या पास झाल्या. पडदा हिरवागार. शेवटची हातानं मोजणी मी केली नाही. शेजारी बसवायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही. सरांनी रक्तपेढीला कळवलं, गुरुवारी दुपारी येतो.

गुरुवारी सकाळी ब्रदर आले, मोजे चढवले, म्हणाले, “चालव एकदा, मी पाह्यतो.” पुन्हा सगळं हिरवं. स्क्रिप्टनं लिहिलं, सर्व बंद. ब्रदरनी मला शेजारी बसवलं.

“डेटाबेस?”

“बोलत नाही.”

“मुख्य?”

मी ‘बोलत नाही’ म्हणणार, तोच पडद्यावर उत्तर आलं. मुख्य सर्व्हर बोलत होता. बंद केलेला सर्व्हर, आत्ता, आमच्या समोर, व्यवस्थित उत्तर देत होता.

ब्रदर खुर्चीत मागं टेकले. “मेलेला मानूस बोलून राह्यला,” ते हळूच म्हणाले. “म्हंजे जो मेला तो हा नव्हे.”

तेवढ्यात सर गाडीची किल्ली हातात घेऊन आले. “निघायचं?”

“नाई,” ब्रदर म्हणाले.

“म्हणजे? सगळं पास आहे ना?”

“पास हाय. पन कोन पास झालं ते मालूम नाई.”

सरांचा चेहरा लाल झाला. रक्तपेढीचे डॉक्टर दुपारी मुद्दाम थांबणार होते, दुरुस्तीला आधीच उशीर झाला होता, आणि मोठं गिऱ्हाईक हातचं जायची भीती होती. ते खूप बोलले. तुमच्या या सोवळ्यापायी एक दिवस ऑफिसला कुलूप लागेल, असंही बोलले. ब्रदर उभे राहून सगळं ऐकून घेत होते. सर थांबल्यावर एवढंच म्हणाले, “तुमी मालक आहे. न्याचं असन तं न्या. पन गिऱ्हाइकाले द्याच्या कागदावर मी तपासलं असं लिहू नका.”

सरांनी किल्ली टेबलावर आदळली आणि खाली निघून गेले.

पुढचे दोन तास ब्रदर त्या मशीनसमोरच बसून होते. मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी काढली, एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. एका ओळीपाशी बोट थांबलं. मुख्य सर्व्हर. सुरू केला मंगळवारी. माझ्या नावानं.

मला कळायला क्षणही लागला नाही. प्रत्येक सर्व्हरला मशीनवर एक नंबर लागतो आणि एका नंबरावर एकच बसू शकतो. मंगळवारी मी बसवलेला सर्व्हर बंद करायला विसरले होते. तो त्या नंबरावर ठाण मांडून होता. नवा सर्व्हर यायचा, जागा नाही म्हणून गुपचूप बंद पडायचा, आणि स्क्रिप्ट शेवटी त्यालाच धरून ‘सर्व बंद’ लिहायची. चाचण्या येऊन त्या नंबरावर प्रश्न विचारायच्या, आणि उत्तरं द्यायचा माझा मंगळवारचा सर्व्हर. कच्ची का होईना, दुरुस्ती त्याच्यात होती. म्हणून सगळं पास.

ब्रदरनी त्याला बंद केलं आणि चाचण्या पुन्हा लावल्या. पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. नीटनेटकं करताना माझ्याकडून एक ओळ सुटली होती, नेमकी ती पिशवी अडवणारी. मी जे घेऊन निघाले होते, त्यात भोक जसंच्या तसं होतं. आणि आम्ही सांगणार होतो की बुजलं, आता वही बंद करा.

मला रडू आवरेना. सर वर आले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, “सर, माझी चूक आहे.”

“अर्धी,” ब्रदर म्हणाले. त्यांनी मोजे काढून टेबलावर ठेवले होते. “अर्धी माही हाय. माही स्क्रिप्ट इचारते, बोलतं का? तो बोलला. पन तू कोन, हे मी इचारलंच नाई. पेशंटले नाव इचारलं जिंदगीभर, अन् इथं इसरलो.”

सरांनी त्या लाल ओळी पाहिल्या. मग त्यांनी रक्तपेढीला फोन लावला आणि सांगितलं की आज येत नाही, तुमची वही चालू ठेवा. का, ते काही लपवून न ठेवता सांगितलं.

ब्रदरनी त्याच दिवशी स्क्रिप्ट बदलली. आता सर्व्हर उठला की ती आधी त्याला विचारायची, तू कोण, केव्हाचा, आणि तुला मीच उठवलं का? तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर एकही चाचणी चालायची नाही. वर त्यांनी सूचना लिहिली, ‘ही चूक माझी आहे.’ खाली तारीख. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपली चूक अशी लिहून ठेवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर इतक्या वर्षांत कोणाला पाहिलं तर एकदाच, तेही मीच लिहिली तेव्हा.

आम्ही रक्तपेढीत गेलो ते सोमवारी, मी आणि ब्रदर दोघंच. सिस्टर दारातच म्हणाल्या, “अगंबाई, ब्रदर! तुमी?” दोघांनी थिएटरात एकत्र काम केलेलं. मी मशीनवर नवं सॉफ्टवेअर बसवत होते तोवर सिस्टरनी मला सांगितलं की एकदा ऑपरेशन होत आलं असताना मोजणीत एक कापड कमी भरलं. सर्जन म्हणाले, तुझं मोजायचं चुकलं असेल, शिवायला टाका दे. ब्रदरनी सुई हातात घट्ट धरून ठेवली आणि म्हणाले, “टाका देत नाई.” मोठे सर्जन, सगळं थिएटर थरथर कापायचं त्यांच्यापुढं.

“मग पोटात सापडलं का?” मी विचारलं.

“नाई नं! सर्जनच्या चपलेच्या बुडाले चिकटलं होतं. इतकी बोलनी खाल्ली यायनं!”

ब्रदर म्हणाले, “सापडलं नं? मंग झालं.” आणि बाही वर करत कॉटवर जाऊन पडले. “सिस्टर, घ्या. पहिली पिशवी माही टाका त्याच्यात.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, चाचणीची पिशवी ते स्वतःच्या रक्तानं भरणार होते, आणि मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

पिशवी भरली. सिस्टरनी नोंद केली, लेबल निघालं, तपासणी बाकी. ब्रदर कापसाचा बोळा दाबून पडल्या पडल्या म्हणाले, “आता हलव दुसऱ्या फ्रिजात. अन् मांगून पाह्य.”

मी पिशवी हलवली. मग कोण्या पेशंटसाठी मागितली. पडद्यावर आलं, तपासणी बाकी, देता येणार नाही.

“काय म्हनते?”

“नाही म्हणते, ब्रदर.”

“तू लिहिलं, तू नोको सांगू. सिस्टर, तुमी मांगा.”

सिस्टर माझ्या जागेवर बसल्या. चष्मा लावून त्यांनी एकेक बटण दाबलं. “नाई म्हनते,” त्या म्हणाल्या. मग आपणहूनच पिशवी पुन्हा पहिल्या फ्रिजात टाकून तिसऱ्यांदा मागितली. “आताही नाई म्हनते. बाप्पा, लयच हट्टी हाय!”

ब्रदरनी डोळे मिटून घेतले. “सरले फोन लाव,” ते म्हणाले.

मी लावला. पहिल्याच घंटीला सरांनी उचलला. एवढ्या दिवसांत त्यांनाही झोप लागली नसावी.

“सर,” मी म्हणाले, “ब्रदरचं रक्त मागितलं. तीनदा मागितलं. देत नाही म्हणते.”

मग सर म्हणाले, “ब्रदरले दे फोन,” आणि इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून ब्रदरच्या बोलीतला ‘ले’ ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. मी फोन ब्रदरच्या कानाशी धरला. सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ब्रदर ऐकत राहिले, ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, “राहू द्या नं सर. जेवले का तुमी?”